गौहरचाचीच्या दुधाची फॅट

जाफराबादजवळच्या एका गावात डेअरीच्या केंद्रावर दूध मोजून घेणारा बद्रीनाथ मनाने वाईट नव्हता. आपल्याला सगळं कळतं, एवढा एकच आजार त्याला होता. त्या आजारापायीच त्याने गौहरचाचीला भर रांगेत खोटं ठरवलं.

चाचीच्या दोन शेळ्या. त्यांच्या दुधाला फॅट लागायची साडेतीन टक्के; भाव फॅटवरच ठरायचा. त्या सकाळी मशीनवर पाच आली. बद्रीनाथने दूध ढवळून पुन्हा लावलं, तरी पाचच.

"चाची, म्हशीचं दूध मिसळून राह्यल्या का?"

अख्खी रांग हसली.

"न्हाई रे बाबा. चार दिस झाले, भरडलेली करडई चारून राह्यले. आमच्या अब्बांची रीत हाये ती."

"करडईत तेल असतं. तेलानं फॅट घटते, वाढत न्हाई. शिबिरात शिकून आलोय मी. माझ्याच गायीला तेल पाजलं, तर फॅट चारवरून तीनवर आली. मला नका शिकवू." आणि त्याने तिची किटली बाजूला सरकवली.

चाची किटली उचलून निघून गेली. बद्रीनाथला दिवसभर स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

आठवड्याने गुरांच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम केंद्रावर आल्या, तेव्हा त्याने हा किस्सा ऐटीत रंगवून सांगितला. मॅडम हसल्या नाहीत.

"गाय वेगळी, शेळी वेगळी," त्या म्हणाल्या. "जास्त तेल गेलं की गायीच्या पोटात असं काही तयार होतं, की कासेत फॅट बनणं मंदावतं. शेळीवर त्याचा तेवढा परिणाम होत नाही. उलट चाऱ्यातलं तेल दुधात उतरतं आणि फॅट चढते. तुम्ही समोर धार काढून तपासलं होतं का?"

नव्हतं तपासलं. आठ दिवसांत चाची फिरकली नव्हती. चहाला तिचं दूध नेणारी दोन घरंही थांबली होती. हे त्याने ऐकलं होतं, आणि ऐकून मान डोलावली होती. आता त्याची त्यालाच शरम वाटली.

दुपारी केंद्र बंद करून, रस्त्यावर कुणी नाही असं बघून तो चाचीकडे गेला. सून कडबा तोडत होती. चाचीने चहा दिला, शेळीच्याच दुधाचा.

"चाची, माफ करा. चूक माझी हाये. तुमचं दूध बराबर होतं."

चाचीने विचारलं, "त्या दिवशी रांगेत किती लोक होते रे?"

"असतील वीस-पंचवीस."

"अन् आत्ता इथं?"

बद्रीनाथने कप खाली ठेवला. आपण भरदुपारी का आलो, हे हिला दारातच कळलं होतं.

"उद्या सकाळी मी रांगेत येते," चाची म्हणाली. "जे बोलायचं ते तिथं बोल."