दोन आटे

नॉर्म किलब्राइड दुपारी एक वाजता धक्क्यावर येणार होता, आमची बोट विकत घ्यायला. त्याच्या आत माझ्या नवऱ्याने, अर्विदने, एक चिनूक जातीचा सॅल्मन मासा स्वतःच्या हाताने धरला तर बोट आमची. नाहीतर कागदावर सही. हे आम्ही दोघांनीच ठरवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, पोटभर भांडून झाल्यावर.

अर्विदला जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला. जीभ तर आठ दिवसांत पहिल्यापेक्षा तिखट झाली. उजव्या हाताचा अंगठा मात्र काही ताळ्यावर येईना. बत्तीस वर्षं हा माणूस बॅमफिल्डच्या धक्क्यावरून एकटा समुद्रावर जात आला. आता मला त्याला एकटं सोडायचं नव्हतं आणि त्याला घरी बसायचं नव्हतं. अट त्यानेच घातली.

"चिमटा लावण्यापासून मासा बोटीपाशी आणेपर्यंत सगळं मी करणार," तो म्हणाला. "तू फक्त जाळं मारायचं. मध्ये बोट घातलंस तर बघ."

चिमट्यावरच सगळं अडलं होतं. ऑगस्टात आमच्याकडे चिनूक दीडशे फूट खोल असतो. तिथवर आमिषाचा चमकता पत्रा न्यायचा तर पोलादी तारेने बारा पौंडी शिशाचा गोळा खाली सोडायचा, आणि गळाची दोरी गोळ्यापाशी एका चिमट्यात अडकवायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. मग एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला माणूस. चिमटा फार घट्ट असला तर लहान मासा तासभर फरफटत जातो आणि वर पत्ताही लागत नाही. सैल असला तर मासा नसताना नुसत्या पाण्याच्या ओढीने दोरी निसटते.

मे महिन्यात मी दुकानात त्याला म्हटलं होतं, "हलके चिमटे घे ना, बोटांना सोपे पडतील."

"हलके मऊ तोंडाच्या कोहो माशासाठी," तो म्हणाला. "चिनूकचा जबडा म्हणजे दगड. त्यात आपल्या गळांना उलट्या काट्याची अडकण ठेवायला कायद्याची बंदी. चिमट्याने दोरी घटकाभर दाबून धरली तरच गळ आत रुततो. हलका चिमटा लावणं म्हणजे चिनूकला न्याहारी देऊन निरोप देणं."

म्हणून जुने कडक चिमटेच राहिले, पकड कमीजास्त करायला पितळी स्क्रू असलेले. रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात सराव करत बसला. अकरा वेळा चिमटा उघडायला गेला, अकरा वेळा अंगठा घसरला. बाराव्या वेळी चिमटा लापशीच्या वाडग्यात पडला. त्याने तो बाहेर काढून चाटला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." मी हसले, आणि भांडी घासायच्या निमित्ताने पाठ फिरवून रडले.

आज पहाटे तो दाढी करत असताना मी दोन्ही चिमट्यांचे स्क्रू दोन-दोन आटे सैल केले. बिचाऱ्याला उघडता यावेत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेल्या अर्ध्याकडे मी बघितलं नाही.

किंग बेटाच्या बाहेर पोचलो तेव्हा धुकं पाण्याला टेकलेलं होतं. भरती चढत होती. अर्विदने पहिला चिमटा पहिल्याच झटक्यात उघडला. स्वतःच चकित झाला.

"बघितलंस? उगीच माझ्या नावाने गळा काढत होतीस."

दोरी अडकवून त्याने गोळा खाली सोडला. गळाची काठी ताणाने वाकली. मी कॉफी ओतेपर्यंत ती फटकन सरळ झाली. माझ्या हातावर कॉफी सांडली.

"मासा?" मी विचारलं.

त्याने दोरी ओढून पाहिली. "काही नाही. दोरी निसटली."

डाव्या हाताने तारेचं चाक फिरवून त्याने गोळा वर आणला. दीडशे फूट तार गोळा करणं म्हणजे एका हाताने विहीर उपसणं. पुन्हा दोरी अडकवली, पुन्हा खाली सोडली. वीस मिनिटं टिकली आणि सुटली. मग त्याने दुसऱ्या बाजूचा चिमटा घेतला. तोही सुटला. साडेदहा वाजले, अकरा वाजले. पाचव्या वेळी दोरी सुटली तेव्हा तो ओरडला नाही. हीच गोष्ट मला जड गेली. अर्विद शिव्या देतो तोवर काळजी नसते.

तो बाकावर बसला आणि आपला अंगठा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा निरखू लागला.

"दोरी चिमट्यात खोल बसतच नाहीये," तो म्हणाला. "मला वाटतं मी दाबली, आणि दाबलेली नसते. हात खोटं बोलायला लागला, व्हर्ना."

"भरतीचा जोर जास्त असेल."

"बत्तीस वर्षांत मी भरती पाहिली नाही का?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नॉर्मला वायरलेसवर कळव. म्हणावं एकपर्यंत थांबायचं कारण नाही. आत्ताच ये."

मला हेच हवं होतं. महिनोन्‌महिने हवं होतं. मी वायरलेस उचलला, नॉर्मला हाक मारली.

"बोल व्हर्ना," नॉर्मचा आवाज आला. "पकडला का म्हाताऱ्याने?"

माझं बोट बटणावर होतं. अर्विद पाण्याकडे बघत होता. सात महिन्यांत मी त्याला थकलेला पाहिला होता, चिडलेला पाहिला होता, पण हरलेला पाहिला नव्हता. आणि हे मी केलं होतं, एका स्क्रूड्रायव्हरने.

"नॉर्म, एक वाजताच ये," मी म्हटलं आणि वायरलेस ठेवला.

"अगं, मी काय सांगितलं?"

"हात खोटं बोलत नाहीये," मी म्हटलं. "मी बोलतेय. चिमटे मी सैल केलेत."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"किती?"

"दोन आटे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"सकाळपासून मी माझ्या हाताला शिव्या घालतोय!" आता तो ओरडला, धुक्यातून पक्षी उडाले. "आणि तू तिथं बसून पाव खातेयस!"

"तू एकटा पाण्यावर गेलास की मला दिवसभर धड श्वास घेता येत नाही!" मीही ओरडले. "तुला उघडता यावेत म्हणून केले सैल. आणि तुला जमू नये म्हणूनही केले. दोन्ही खरं आहे, जा!"

"मग हे तोंडाने सांगायचं. माझ्या सामानाला हात लावायचा नाही." त्याने डावा हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर."

स्क्रू त्यानेच आवळले. दोन आटे, वर अर्धा. मग अंगठ्याने चिमटा उघडेना. त्याने दोरी दातांत धरली, चिमट्याचं एक टोक बोटीच्या काठावर टेकवलं आणि दुसऱ्यावर तळहाताच्या टाचेने सगळा भार टाकला. निसटला. पुन्हा टाकला. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसले. चौथ्या खेपेला चिमट्याचा जबडा उघडला आणि दोरी आत बसली.

बारा वाजून दहा मिनिटांनी गोळा खाली गेला. काठी धनुष्यासारखी वाकली आणि तशीच राहिली. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. मग काठीचं टोक दोनदा थरथरलं, थेट पाण्यापर्यंत खेचलं गेलं आणि ताडकन वर उसळलं.

अर्विदने काठी उचलली. आमच्या काठ्यांवरची दोरीची जुनी चाकं मासा पळाला की उलटी गरगरतात आणि चाकाची मूठ बोटं फोडते. त्याची दोन बोटं फुटली. त्याने काठीचं बूड पोटाशी रोवलं, उजव्या कोपराच्या खाचेत तिला धरलं आणि डाव्या हाताने चाक सांभाळलं. मासा तीनदा खोल पळाला. अर्विदच्या मानेच्या शिरा फुगल्या.

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली तेव्हा मासा बोटीशेजारी आडवा झाला. पंचवीस पौंडांचा तरी होता. गळ ओठाच्या अगदी कडेला लटकत होता, अडकण नसलेला. मासा सुटायला जाळ्याच्या कडीचा नुसता धक्का पुरला असता. कुणाला काही कळलं नसतं.

मी वर पाहिलं. अर्विद माशाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"मार जाळं," तो हळू म्हणाला.

मी डोक्याच्या बाजूने जाळं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी उचललं. मासा बोटीत आदळला. मी तिथेच, त्या ओल्या फळीवर बसून हमसून रडले. अर्विदने रक्ताळलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि वायरलेसवर नॉर्मला सांगितलं, कागद चुलीत घाल.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो एकटा गेला. चिमटे मी तपासले नाहीत. खिडकीपाशी कॉफी घेऊन बसले, घरातला वायरलेस लावला आणि कान देऊन राहिले. सातला खरखर झाली.

"व्हर्ना," तो म्हणाला, सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "श्वास घे."

आठला त्याने पुन्हा तेच सांगितलं. नऊलाही.