साक्षी लाल होते

सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, पायऱ्यांवर बसलेल्यांच्या मांड्यांवर मुलं, मुलांच्या हातात मोबाईल. मंचावर एक उंच स्टूल, त्यावर फुटबॉलएवढा पांढरा काचेचा दिवा. दिव्याशेजारी तो. दोन कंपन्या विकून झालेल्या, तिसरी चालू, आणि पायात काही नाही. म्हणून आम्ही पत्रकार त्याला 'अनवाणी' म्हणायचो. तो चिडला नाही. उलट त्याने ते कार्डावर छापून घेतलं.

"प्रत्येक आवाजात एक जखम असते," अनवाणी म्हणाला. "माणूस सत्याशी प्रतारणा करतो तेव्हा ती भळभळते. तुम्हा-आम्हाला ऐकू येत नाही. हिला येतं. हिचं नाव साक्षी."

समोरच्या स्टुलावर अंपायर बसला होता. मोबाईलची परीक्षणं करणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव. व्हिडिओच्या शेवटी त्याने बोट वर केलं की तो मोबाईल बाद, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअरही बाद.

"आता खरं सांगा. पहिला मोबाईल कुणाचा वापरलात?"

"वडिलांचा. ते झोपले की."

हिरवा.

"आता खोटं बोला. लग्न झालंय तुमचं?"

"छे."

लाल.

पहिल्या रांगेत बसलेली अंपायरची बायको तोंडावर हात धरून हसली आणि सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचा एक पोक्त संपादक डोळे पुसत होता.

मी हात वर केला. "हे नेमकं काय मोजतं?"

"ताप बघायला डॉक्टर थर्मामीटर लावतो," अनवाणी प्रेमाने म्हणाला, "आणि आई कपाळाला हात लावते. तुम्ही थर्मामीटर आहात, साहेब. ही आई आहे."

"बस रे खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "आईचा बाप विचारायला आलाय."

*

आठवडाभरात प्रत्येक पत्रकाराच्या घरी एकेक दिवा आला. परीक्षणासाठी. प्रत्येकाने तो सारखाच तपासला. बायकोला, भावाला, ऑफिसातल्या शिपायाला समोर बसवायचं. आधी खरं, मग खोटं. दिवा एकदाही चुकला नाही. माझ्याकडेही नाही. मला कारण कळलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही. बाकीच्यांनाही कारण कळलं नव्हतं, आणि त्यांनी भरभरून लिहिलं.

अंपायरचा व्हिडिओ तर देशोदेशी गेला. "आज बोट वर होणार नाही," तो म्हणाला, आणि त्याने दिव्यापुढे मान झुकवली.

मग दिवा दुकानात आला, शाळेत आला, पतपेढीत आला. सासवांनी रांगा लावल्या. एका कपड्याच्या दुकानात विक्रीचं काम करणाऱ्या मुलीची बोटं मालकाने गल्ल्याच्या खणात चेंगरली, कारण दिवा लाल झाला होता. एका घरात नवऱ्याने तापलेली इस्त्री बायकोच्या दंडावर ठेवली, कारण दिवा लाल झाला होता. एका वसतिगृहात पोरांनी एकाला दुसऱ्या मजल्यावरून ढकललं. तो जगला. पाठीचा कणा नाही जगला.

या बातम्या आमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर येत नसत. त्या गुन्हेगारीच्या पानावर जात. आमच्या पानावर यायचं: साक्षीची विक्री दुप्पट.

*

क्लिप. सगळ्यांनी पाहिलेली.

इमारतीचं पार्किंग. माणसांच्या पाठी. पाठींच्या फटीतून दिवा, आणि खाली फरशीवर पार्सलवाला, शर्टाची एक बाही उरलेली.

"बोल, पोरगी कुठंय?"

लाल.

"लिफ्टमध्ये तुझ्याबरोबर होती ना? बोल!"

लाल.

बॅट. पार्सल ओढायच्या ट्रॉलीचा लोखंडी दांडा. फरशीवर डोकं आपटल्याचा आवाज, ओल्या पिशवीसारखा. एक बाई म्हणतेय, अहो पुरे, आणि तिचा नवरा म्हणतोय, तू वर जा. चपला. कुणीतरी पोटावर उडी मारतं आणि तोल जाऊन स्वतःच पडतं, त्यावर दोघंतिघं हसतात.

क्लिप इथं संपते.

क्लिपमध्ये नसलेली गोष्ट अशी, की हे चालू असताना पोरगी गच्चीवरच्या खोलीत मांजरीच्या पिल्लांशेजारी झोपली होती. ती डोळे चोळत खाली आली. बापाने तिला उचललं. ज्या हाताने उचललं त्या हाताला रक्त होतं, ते तिच्या फ्रॉकला लागलं.

चूक झाली, असं आता सगळे म्हणतील, असं तुम्हाला वाटेल.

"पोरगी सापडली ते चांगलंच झालं," इमारतीचा सेक्रेटरी म्हणाला. "पण दिवा लाल कशाला होईल? दुसरं काहीतरी लपवत असणार."

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथं दिव्यातच होता.

*

माझी धाकटी बहीण जबड्याची डॉक्टर आहे. त्याच दुपारी तिचा फोन आला. "दादा, ये. तुझी सगळी भुतावळ माझ्या दारात जमलीय."

हॉस्पिटलच्या पुढच्या दालनात शे-दीडशे माणसं होती. काचेच्या दाराचं एक तावदान आधीच फुटलं होतं आणि सुरक्षारक्षक कपाळाला बोळा धरून बाकावर बसला होता. पार्सलवाल्याने 'दुसरं काय' केलं ते त्याच्या तोंडून काढायचं होतं. त्याला बाहेर आणा, दिव्यासमोर बसवा, एवढीच मागणी. गर्दीच्या मधोमध अनवाणी, हातात साक्षी. शेजारी अंपायर, हातात काठीला लावलेला मोबाईल. जगातली पहिली थेट सत्यपरीक्षा दाखवायला दोघं आले होते.

ऑपरेशन विभागाच्या दारात माझी बहीण उभी होती. तिच्यामागे स्ट्रेचरवर तो. तोंडाच्या जागी सूज. स्ट्रेचरचा दांडा धरून त्याची बायको उभी होती, कुणाकडेच न बघता.

"रक्त श्वासनलिकेत उतरतंय," बहीण म्हणाली. "आत्ता टेबलावर घेतला नाही तर जाईल. दार सोडा."

"दोन मिनिटं, मॅडम," सेक्रेटरी म्हणाला. "एकच प्रश्न. निर्दोष असेल तर हिरवा होईल की."

"खालचा जबडा दोन ठिकाणी तुटलाय. जीभ फाटलीय. उत्तर कशाने देणार?"

"पार्किंगमध्ये दिलं होतं ना."

"काय दिलं होतं?"

सेक्रेटरीने इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे... दिवा लाल झाला होता."

"मी दिव्याचं विचारत नाहीये. हा काय म्हणाला?"

मी क्लिप काढून मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने ती आवाज मोठा करून पाहिली. मग म्हणाली, "दादा, यात हा एक अक्षरही उच्चारत नाही. पहिल्या प्रश्नाच्या आधीच जबडा लोंबतोय, दिसतंय ना? ज्याने उत्तरच दिलं नाही, तो खोटा कसा ठरला?"

"जखम," अनवाणी हळुवार म्हणाला. "मौनालाही जखम असते."

"ओ बाजूला व्हा," मागून एकजण ओरडला, आणि रेटा आला. स्ट्रेचर भिंतीवर आदळलं. सलाईनची बाटली फुटली. बहिणीला कुणीतरी खांद्याला धरून ढकललं, ती काचांवर गुडघ्यांवर पडली, उठली, पुन्हा दारात उभी राहिली. गुडघ्यांतून रक्त मोज्यांत उतरत होतं.

अंपायरने मोबाईल उंच धरला. "मित्रांनो, मी हॉस्पिटलमधून थेट बोलतोय..."

लाल.

सगळ्यांनी पाहिलं. अनवाणीने दिवा झटकन अंगाशी घेतला.

"थांबा," बहीण म्हणाली. "तुम्ही हॉस्पिटलमधूनच आहात ना?"

"म्हणजे काय," अंपायर म्हणाला. "इथूनच तर बोलतोय."

लाल.

कुणीतरी खुदकन हसलं. दालनातला रेटा सैल झाला. माणसाचं कुतूहल त्याच्या मुठीपेक्षा किंचित जोरात धावतं. त्या किंचितावरच आम्ही तरलो.

माझ्या डोक्यात सगळी परीक्षणं एकदम उलगडली. अंपायरचं, संपादकाचं, माझं. आम्ही सगळ्यांनी दिवा तपासला, पण सगळ्यांनी एकाच वाक्याने. मी अनवाणीच्या हातातून दिवा ओढून घेतला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या व्हीलचेअरवर ठेवला. खुर्चीसमोर उभा राहिलो.

"खरं सांग," मी रिकाम्या खुर्चीला म्हणालो.

हिरवा.

"खोटं बोल."

लाल.

"सांग."

हिरवा.

"बोल."

लाल.

"खुर्ची फार खोटारडी निघाली," सुरक्षारक्षक बाकावरून म्हणाला.

"ही समोरच्याचं ऐकतच नाही," मी गर्दीला सांगितलं. "विचारणाऱ्याचं ऐकते. आपण खरं 'सांगतो' आणि खोटं 'बोलतो'. आपली भाषाच तशी आहे. तपासताना प्रत्येकाने म्हटलं, आता खरं सांग, आता खोटं बोल. उत्तर आपणच दिव्याच्या कानात घातलं आणि चमत्कार म्हणून परत घेतलं. आणि घरात? ज्याच्यावर भरवसा आहे त्याला आपण म्हणतो, सांग ना बाळा. ज्याच्यावर संशय आहे त्याची गचांडी धरून म्हणतो, बोल."

अंपायरचा मोबाईल खाली आला होता. "मी बायकोला हेच म्हटलं होतं," तो पुटपुटला. "आता खोटं बोल, असंच."

दिवा इमानदारीत लाल झाला.

"तुम्हाला माहीत होतं?" बहिणीने अनवाणीला विचारलं.

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. वाट नव्हती. "यंत्र हजारो भांडणं ऐकून शिकलं," तो म्हणाला. त्याचा आवाज आता नुसता दुकानदाराचा होता. "काय शिकलं ते आम्हाला नंतर कळलं. पण लोक खूश होते. प्रत्येकाला जे आधीच वाटत होतं तेच येत होतं. मी काय वेगळं केलं? तुमचाच संशय, जरा उजेडात."

खरं तर त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. त्याची किंमत त्याला लगेच मिळाली. सेक्रेटरीनेच पहिली थप्पड मारली. मग बाकीचे धावले. अनवाणी खाली गेला. उघड्या पायांवर कुणीतरी बुटाची टाच दिली, हाड मोडल्याचा आवाज भिंतीपर्यंत आला. केस धरून त्याचं तोंड फरशीवर घासलं गेलं, जिथे सलाईनच्या काचा होत्या.

"बोल, किती जणांना फसवलंस? बोल!"

व्हीलचेअरवरचा दिवा लाल, लाल, लाल.

बहीण गर्दीत घुसली. ती उंचीने लहान आहे; कोपरांखालून गेली आणि त्याच्या अंगावर आडवी झाली. वरची लाथ तिच्या बरगडीत बसली. लाथ मारणारा थबकला.

"दिवा फुटला तरी चालेल," ती धापा टाकत म्हणाली. "पण तुमची सवय तीच राहिली तर मी काय करू? आज सकाळी त्याच्यावर, आता याच्यावर. टेबल एकच आहे. आधी तो आत जाईल, मग हा. दोघंही जातील. आणि मारणारे बाहेर बसतील."

दार मोकळं झालं. स्ट्रेचर आत गेलं. पार्सलवाल्याच्या बायकोला आत जाऊ दिलं नाही, तशी ती वळली. गर्दीत शोधून ती मुलीच्या बापासमोर जाऊन उभी राहिली. त्याची मुलगी त्याच्या कडेवर होती, फ्रॉकवरचा डाग वाळलेला.

"तुमची पोरगी हरवली होती. तुमच्या पोटात तुटलं असणार, ते मला कळतं," ती म्हणाली. "मला एवढंच हवंय. आधी दिवा आणला, की आधी मारलंत?"

तिने हात उगारला नाही. आवाज चढवला नाही. विचारलं आणि थांबली. इतका वेळ थांबली, की लोकांना पायांखालच्या काचा करकरताना ऐकू येऊ लागल्या.

"आधी मारलं," बाप म्हणाला. "हेल्मेटने. मीच. तोंडावर. मग कुणीतरी म्हणालं, नक्की करून घेऊ, म्हणून दिवा आणला."

"पोलिसांपुढे हेच म्हणाल?"

"म्हणेन."

तिने मान हलवली आणि बाकावर जाऊन बसली. सुरक्षारक्षकाने सरकून जागा दिली.

पार्सलवाला जगला. पुढे काही महिने नळीने जेवला. बापाने जबाब दिला, त्याच्या जोडीला आणखी चौघांनी दिला, आणि इमारतीने पार्सलवाल्यावर केलेली तक्रार मागे घेतली गेली. अनवाणी लंगडत कोर्टात जातो, आता बूट घालून. अंपायरने स्वतःच्याच व्हिडिओवर बोट वर केलं. तो त्याचा सगळ्यात कमी पाहिलेला व्हिडिओ आहे.

आणि नवं यंत्र येतच राहणार आहे. कधी ते दिवा असेल, कधी अंगठी, कधी आकाशातला आवाज. ते सांगणारा माणूस गोड असेल, त्याची तारीफ करणारा प्रसिद्ध असेल. तेव्हा एवढंच करा. यंत्रासमोर रिकामी खुर्ची ठेवून पाहा. आणि माणसासमोर रिकामे हात.