सुटलेली पकड

जाणू बोर्डाच्या शाळेचा पट्टीचा गडी. सामन्यांच्या तोंडावर संस्थेच्या हायस्कुलाने फी माफ करून त्याला उचलला. आता मुरबाडच्या मैदानावर तो हुतूतू घुमवत जुन्या सोबत्यांवरच चढाई करत होता, आणि त्याचा घोटा वर्गात शेजारी बसणाऱ्या दामूच्या मुठीत होता.

सकाळीच तो दामूला म्हणाला होता, "आमी हारलो तर मला काढतील रे शाळंतून."

दामूने मूठ सैल केली. संस्थेने ढाल नेली.

"हाताला तूप लावून आल्तास काय रं?" दामूच्या संघातला महिपत थुंकला.

ढाल देताना पाहुणे म्हणाले, "खेळाडू घडवावेत ते याच संस्थेने!"

सोमवारी जाणू बोर्डाच्या वर्गात परत आला. "सामने झाले. पटावरनं नाव काढलं माजं."

तो शेजारी बसायला वाकला, तसे दामूने बसकरावर पाय पसरले.