बाळंतपणाच्या वर्गातला म्हातारा

लेक नेव्हाला बाळंतपणाच्या वर्गाला सोडायचं आणि खाली गाडीत पेपर वाचत बसायचं, एवढंच बेर्तोने ठरवलं होतं. जावई दोरियान जहाजावर मेकॅनिक होता आणि बाळाच्या तारखेनंतरच घरी पोहोचणार होता. म्हणून ने-आण सासऱ्याकडे आली. पण पहिल्याच दिवशी नेव्हा म्हणाली, वर चल, उशा उचलायला कुणीतरी हवं. रियेका शहराच्या त्या चढावर, पोटुशा लेकीला दोन उशा घेऊन जिने चढायला लावणं काही बरं दिसलं नसतं.

वर्गात सगळी तरुण जोडपी चटयांवर बसली होती. बेर्तोला खुर्ची दिली. स्मिल्याना नावाची सुईण शिकवायची. श्वास कसा घ्यायचा, इस्पितळाकडे कधी निघायचं, बाळाला अंगावर कसं धरायचं, सगळं ती मोठ्या आवाजात सांगायची, आणि दर थोड्या वेळाने नवऱ्यांना उठवून कामाला लावायची. बेर्तोला नवल वाटलं. नेव्हा झाली तेव्हा तो गोदीतून कामाच्या कपड्यांतच प्रसूतिगृहाच्या खाली जाऊन उभा राहिला होता. बायकोने, मार्चेलाने, वरच्या खिडकीतून बाळाचं गाठोडं दाखवलं, त्याने टोपी हलवली, आणि दोस्तांबरोबर प्यायला गेला. बापाचं काम तेवढंच असायचं. त्या आधीच्या रात्री तिचं काय झालं, हे त्याने कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

खोलीत दारही उघडं, खिडकीही उघडी. पोटुशा बायका आणि हा असा आरपार वारा! बेर्तो उठला आणि खिडकी लावून आला. स्मिल्यानाने ती उघडली. त्याने पुन्हा लावली.

"बार्बा," ती म्हणाली, कारण तिकडे वयस्कर माणसाला तसंच म्हणतात, "या वाऱ्याने आजवर माझी एकही बाई मेली नाही. तुम्ही खिडकी लावलीत तर मात्र मीच गुदमरेन."

सगळे हसले. एक जण म्हणाला, माझी सासूही अशीच, तिलाही आणा. बेर्तोही हसला, पण खुर्ची उचलून खिडकी आणि नेव्हाच्या मधे येऊन बसला.

तिसऱ्या वेळेला स्मिल्यानाने सांगितलं की इस्पितळात बाळंतिणीपाशी एकालाच सोडतात, तेही वर्गाला बसलेल्यालाच. परत जाताना गाडीत नेव्हाने एकदाच विचारलं, तू येशील का? बेर्तो म्हणाला, ते बायकांचं काम. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात मार्चेला त्याच इस्पितळाच्या आवारात वारली, आणि तेव्हापासून तो बाजारालाही लांबच्या रस्त्याने जायचा. नेव्हाने पुन्हा विचारलं नाही. पण मग ती एकटीच असणार होती, आणि हे त्याला झोपू देईना.

पुढच्या वर्गात कळ आली की कंबर कशी दाबायची ते शिकवलं. नवरे बायकांच्या मागे गुडघ्यांवर बसले. नेव्हाच्या मागची चटई रिकामी होती. स्मिल्यानाने बेर्तोकडे पाहिलं आणि बोटाने चटई दाखवली. तो कुरकुरत खाली बसला. त्याने तळवे तिच्या कमरेवर ठेवले आणि अगदी हलके फिरवू लागला, जसे आजारी मार्चेलाच्या पाठीवर वर्षभर फिरवले होते. तिला तेवढंच सोसायचं.

"जोरात दाब ना, बाबा."

त्याने किंचित जोर लावला.

"अरे, मी आजारी नाहीये." नेव्हाने मागे वळून पाहिलं. "मला दुखणार आहे, खूप दुखणार आहे. पण मी आजारी नाहीये."

बेर्तोने गुडघे नीट रोवले, हात ताठ केले आणि सगळं वजन टाकलं. नेव्हाने मोठा श्वास सोडला. हां, तिथेच, म्हणाली. तिची कंबर घट्ट होती, गरम होती, आणि उलट त्याच्या हातांवर रेटत होती. असं धडधाकट अंग हाताखाली येऊन त्याला किती दिवस झाले होते!

जिना उतरताना तो म्हणाला, "मी येतो आत."

"घेरी येऊन पडशील."

"पडलो तर स्मिल्याना पाय धरून बाहेर ओढेल. तू तुझं काम कर."

शेवटच्या दिवशी सगळ्या वर्गाला प्रसूतीची खोली दाखवायला नेलं. इस्पितळाच्या दारात बेर्तोने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि नेव्हाचा दंड धरून आत गेला. औषधांचा वास तोच होता. पण कुठल्याशा खोलीत एक तान्हं बाळ घसा फोडून रडत होतं, आणि कुणालाच त्याची काळजी वाटत नव्हती.

खोलीत खाट होती, कळ आली की धरायला टांगलेला दोर होता, बसायला मोठा चेंडू होता. जोडपी चेंडूवर बसून बघत होती. बेर्तोने स्मिल्यानाला विचारलं, मी नेमका कुठे उभा राहू? तिने उशाकडची जागा दाखवली. तो तिथे जाऊन उभा राहिला. बाकीचे पुढच्या खोलीकडे निघाले, तरी तो हलला नाही. नेव्हा दारात त्याची वाट बघत थांबली.