आठव्या भागातला रोट

चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही, असा माझा नेम आहे. म्हणून माझ्या पुतण्याच्या, जीवनच्या, मालिकेबद्दल मी डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगते.

मालिका त्यानंच लिहिलीय, मोबाइलवर येते. पहिला हंगाम नुकताच संपला. नाव 'कौतिक अ‍ॅडव्हर्टायझिंग'. कौतिक म्हणजे माझे सासरे, जीवनचे आजोबा. धरणगावात बसस्टँडमागे त्यांचं दुकान होतं, पाटीवर 'कौतिक पेंटर' एवढंच. विडी, दंतमंजन, कपाशीचं बियाणं, ज्याची मिळेल त्याची जाहिरात ते भिंतींवर रंगवायचे. मालिकेत त्यांचं जळगावला काचेचं ऑफिस आहे. भर मे महिन्यात ते कोट घालून बसतात आणि त्यांना घाम येत नाही. हातात सदा दारूचा ग्लास. खरे सासरे चहासुद्धा बशीतून, अर्धाच घ्यायचे. एक टायपिस्ट बाई आहे. ती टाइप कधी करत नाही, खिडकीबाहेर बघते. जाहिरात सुचायची झाली की सासरेही खिडकीबाहेर बघतात आणि व्हायोलिन वाजतं. अशानं दंतमंजन कसं खपतं, देव जाणे.

हेसुद्धा मी सोडून दिलं. पोरगं पुण्यात शिकलंय, त्याला काय कळणार. पण आठवा भाग सोडता येईना.

त्यात घरी कानबाई, आमची श्रावणातली खानदेशी देवी, बसते. सासऱ्यांची बायको, म्हणजे माझ्या सासूबाई तानुबाई, मुंबईहून आलेल्या साबणवाल्या शेठला चांदीच्या ताटात कानबाईचा रोट, नैवेद्याची जाड पोळी, वाढते. शेठ बोटं चाटतो आणि कंपनीला मोठं काम मिळतं.

आमच्याकडे रोटाचा गहू घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मुठीनं मोजतात. भाऊबंदांनी आपापला गहू आणायचा आणि रोट भाऊबंदांनीच खायचा. सासरी गेलेल्या लेकीलाही त्यातला घास देत नाहीत, तिथे साबणवाला कोण? आणि प्रत्येक भागाच्या आधी मोठ्या अक्षरांत येतं, 'सत्यकथा'.

नागपंचमी झाली आणि माझे चुलत दीर बन्सीलाल नाना ओट्यावर येऊन बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वहिनी, यंदा आमचा गहू तुमच्याकडे येणार नाही. आम्हा बठ्ठ्या भाऊबंदांचं ठरलंय."

"का हो नाना?"

"ज्या घरचा रोट बाहेर गेला, तिथे आमच्या पोराबाळांच्या नावाच्या मुठी कशा टाकायच्या?"

"अहो, ती मालिका आहे."

"पोरगा तुमचाच ना? सत्यकथा लिहिलंय त्यानं. घरचा माणूस घरच्या म्हातारीवर खोटं कशाला लिहील?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. या घरात आल्यापासून रोटाचा गहू त्यांच्याच हातानं मोजला जातो. "मी कोनले बी रोट दिन्हा नही," एवढंच त्या म्हणाल्या आणि धुऊन उन्हात ठेवलेलं सूप उचलून आत घेऊन गेल्या.

मी जीवनला फोन लावला.

"काकू, थोडं ड्रामॅटिक करावं लागतं."

"नानांना तेवढं सांगून टाक."

"आत्ता नाही सांगता येणार. दुसऱ्या हंगामाची बोलणी चालू आहेत, आणि सत्यकथा हाच आपला यूएसपी आहे." मग त्याला एकदम सुचलं, बहुतेक खिडकीबाहेर बघून. "मी येतोच कानबाईला. आजीचं शूटिंग करू. मस्त प्रमोशन होईल!"

गहू मोजायच्या दिवशी तो आला. घरातही डोळ्यांवर गॉगल. मी बोलावलं म्हणून भाऊबंदही आले, पण रिकाम्या हातांनी, आणि दाराशीच उभे राहिले. देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळासमोर सासूबाई सूप घेऊन बसल्या. मी नावं घेत होते. जीवन काठीवर फोन लावून, "आजी, सूप जरा उजेडात घ्या," म्हणत होता.

ह्यांचं नाव झालं. पुढचं जीवनचं. सासूबाईंचा हात गव्हातच थांबला.

"जीवन," मी म्हटलं, "तुझी मूठ टाकण्याआधी कानबाईसमोर एक सांग. आजीनं रोट बाहेर दिला होता?"

"काकू, हे नंतर बोलू ना."

"नंतर नाही," नाना दारातून म्हणाले. "आत्ता सांग, म्हणजे आम्ही घरी जायला मोकळे."

जीवननं फोन खाली घेतला आणि बंद केला.

"चालू राहू दे की," मी म्हटलं.

"काकू, प्लीज." मग फरशीकडे बघत म्हणाला, "नाही दिला. ते आम्हीच लिहिलं."

"आणि ती टायपिस्ट?" मागून कुणीतरी विचारलं. "ती तरी खरी का?"

"तीही नाही."

"दारू?"

"नाही."

"मग तुझ्या आजोबांचं खरं काय ठेवलंस रे?"

जीवननं जरा विचार केला. "नाव," तो म्हणाला.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नाना हसले नाहीत. ते आत आले आणि सासूबाईंच्या पायाशी वाकले.

"जाय रे बन्सी, गहू लई ये," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी जीवनच्या नावाची मूठ भरली, जरा जास्तच भरली, आणि सुपात सोडली. "मना नातू शे."

कानबाईच्या रात्री सगळे पंगतीला बसले. जीवननं फोन पुन्हा काठीवर लावला, रोटाचा एक घास तोडला, डोळे मिटून चावला, फोन बंद केला आणि म्हणाला, "काकू, मला गहू चालत नाही. डाएट आहे." विसर्जनाला थांबलाच नाही. गाडीत बसताना सांगून गेला, दुसऱ्या हंगामातही 'सत्यकथा' राहणार, वरच्यांना तेच हवंय.

त्याच्या ताटात रोट तसाच पडला होता. तो टाकायचा नसतो आणि बाहेर तर द्यायचाच नसतो. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं, अर्धा रोट मोडून माझ्या हातावर ठेवला. खिरीत बुडवून बुडवून आम्ही दोघींनी तो संपवला.

त्या काही बोलल्या नाहीत. माझा तर नेमच आहे.