ताईच्या हातचे शिपाई

तिसऱ्या शिपायाचा डोळा नेमका जमला, म्हणून त्याने तो पुसून टाकला.

ओला रंग कापसाने टिपून त्याने पुन्हा ब्रश उचलला आणि या खेपेस बुबुळ नाकाकडे किंचित सरकवले. आता तो शिपाई ताईचा वाटू लागला. अंगठ्याएवढी ही प्लास्टिकची माणसे चिलखते चढवून कुठल्याशा परग्रहावर लढायला निघालेली. पण ताईने रंगवलेला प्रत्येक जण शत्रूऐवजी स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहत असे. चिलखताच्या कडांवर रंगाचा थर जाड बसे. बूट मात्र लख्ख असत, कारण ती सुरुवात बुटांपासून करी आणि तोवर तिचा धीर शाबूत असे.

नक्कल हा त्याचा धंदाच होता. एकतीस वर्षे तो कृत्रिम दात घडवत आला होता, आणि त्या धंद्यातले मुख्य ज्ञान एवढेच की निर्दोष दात चटकन ओळखू येतो. शेजारच्या दातावरचा डाग, झिजलेला कोपरा हुबेहूब उतरवला, तरच खोटा दात तोंडात खपून जातो. जग त्याला कलावंत म्हणत नसे. जग ज्यांना कलावंत म्हणे, त्यांतल्या काहींचे प्रसन्न हास्य त्याच्याच टेबलावर तयार झाले होते. पण तो विषय वेगळा.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. टेलिफोन केंद्रात उभा जन्म घालवून निवृत्त झालेली. वर्षातून एकदा तिच्या मागच्या खोलीत दोन स्टुलांवर जुने दार आडवे टाकून दोघे फाशांनी ही लढाई खेळत. दारावरची परग्रहाची विवरे त्याने दातांच्या साच्याच्या प्लास्टरची बनवलेली होती. तीस शिपाई तिचे, तीस त्याचे. नियम ताईने घातलेले, म्हणून अपील नव्हते: रंगवला नाही तो दारावर येणार नाही, आणि ज्याचा त्याने रंगवायचा.

यंदा मोडलेल्यांच्या जागी आणलेले तिचे पाच जण रंगाविना करडेच राहिले होते. मागच्या आठवड्यात त्याच्यादेखत तिने ब्रश धरला आणि त्याचे टोक शिपायाच्या आसपास सगळीकडे फिरले, फक्त शिपायावर टेकेना. तिने ब्रश शांतपणे धुऊन ठेवला.

"यंदा राहू दे रे, ठोंब्या."

"पंचविसांनी खेळ की. मीही पाच कमी करतो."

"म्हणजे तू माझ्यावर उपकार करणार. नको. मी नाही खेळत."

दारात तिचा मुलगा उभा होता. एका मोठ्या कंपनीत तो मनुष्यबळ विकास पाहत असे, म्हणजे कुणाला घरी पाठवायचे ते ठरवत असे, आणि ती सवय तो घरीही घेऊन येई. "मामा, तूच समजाव तिला. ही खोली मोकळी झाली तर मला ऑफिस करता येईल. अडुसष्टाव्या वर्षी बाहुल्या शोभतात का?"

अडुसष्टाव्या वर्षी काय शोभते, याविषयी समाजाचे चिंतन फार सखोल आहे: खुर्ची, खिडकी आणि गोळ्यांचा डबा. त्या डब्यापर्यंत माणसाला हलके हलके नेऊन बसवणे याला माया म्हणतात.  जाताना मामाने ते पाच करडे शिपाई खिशात टाकले.

लढाईच्या दिवशी त्याने ते रंगवलेले पाच जण दारावर मांडले आणि प्रवासभर घोकलेले वाक्य म्हटले, "हे बघ, माझ्या डब्यात सापडले. मागच्या वर्षीच रंगवले होतेस तू. करडे होते ते जादाचे."

ताईने एक शिपाई उचलला आणि भिंगाखाली धरला. बूट पाहिले, कडा पाहिल्या, डोळे पाहिले. काम चोख उतरले होते. तिला कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही.

"माझेच आहेत," ती हळू म्हणाली. "पण मला आठवत कसं नाही? एकही आठवत नाही."

"होतं असं," तो म्हणाला.

"हेच सांगतोय मी," मुलगा पुढे सरसावला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आई, परवा गॅस बंद करायचंही अशीच विसरलीस. डॉक्टरांची वेळ घेतो मी. आणि या खोलीचं आता तू मनावर घेऊ नकोस."

 ताईने शिपाई खाली ठेवला आणि खोलीकडे अशी नजर फिरवली, जणू तिथल्या प्रत्येक वस्तूचे नाव ती मनात म्हणून पाहत होती. नक्कल पूर्ण वठली तर काय होते, हे त्याला एकतीस वर्षांत कुणी सांगितले नव्हते. दाताला विचारायचे नसते की तू कोणाचा.

"ताई, ते मी रंगवलेत."

"काय?"

"मी रंगवलेत. मुद्दाम तुझ्यासारखे. पाचही."

 तिने इतका खोल श्वास सोडला की मुलाने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं," ती म्हणाली. "फक्त हातच गेलाय."

"ताई, चुकलो."

"गाढव आहेस. आणि इतके तिरळे नसतात हं माझे."

"त्याहून तिरळे असतात."

"उचल ते. नियम नियम."

त्याने पाचही जण रुमालात गुंडाळले. तिने आपले पंचवीस तळहाताच्या कडेने ढकलत ओळीत आणले. दोन आडवे झाले, ते तिचे तिने उभे केले. डाव्या बाजूला पाच जणांएवढी जागा उघडी राहिली.

"मीही पाच काढतो," तो म्हणाला.

"काढून तर बघ."

"आई, अगं—" मुलाने सुरुवात केली.

"तू बस तरी किंवा जा तरी. उजेड अडतोय."

तो गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. ताईने फासे मुठीत घेतले. टाकण्याआधीच ते वाजू लागले.