सुनेच्या नावावरचा खोकला

दर मंगळवारी सकाळी ही सून रांगेत उभी राहायची आणि खिडकीतून आठवड्याच्या गोळ्या घेऊन जायची. दवाखाना होता फुप्फुसरोग संस्थेचा. संस्था मोठी, देशभर पसरलेली, नामांकित डॉक्टरांची. पण या शाखेला दोन खोल्या, एक वजनकाटा आणि एक नर्सबाई. बाईंच्या वहीत या सुनेइतका नेमाचा पेशंट दुसरा नव्हता. एक मंगळवार चुकला नाही, कधी तक्रार नाही, वजन जराही उतरलं नाही. बाई इतरांना तिचं उदाहरण द्यायच्या आणि ती खाली मान घालून पाकीट पिशवीत टाकायची.

वजन उतरणार कसं? तिला काही झालंच नव्हतं.

लेकी बोले सुने लागे, असं आपण हसत हसत म्हणतो. या घरात लेक खोकली आणि रोग सुनेला लागला, तोही कागदावर. नणंदेचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, आणि नेमका तेव्हाच तिचा खोकला थांबेना. दोन महिने सासूबाईंनी बाटलीतल्या गोड औषधावर काढले. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे त्यांना दवाखाना आठवला. पण क्षयाची पोरगी म्हटल्यावर तिला करून कोण घेणार? सासूबाईंना फार विचार करावा लागला नाही. सुनेचं तर लग्न होऊन गेलं होतं, तिचं आता काय बिघडणार होतं! थुंकी लेकीची, डबी सुनेच्या हातात, नाव सुनेचं, आणि आणलेल्या गोळ्या लेकीच्या पोटात.

नवरा मालाचा टेम्पो चालवायचा. घरी असला की आईपुढे ब्र काढायचा नाही. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, तोंड मिटून काढ, असं त्याने बायकोला सांगितलं. तोंड मिटून काढायला नेहमी सुनेलाच सांगतात. जावयाला सांगितलेलं कुणी ऐकलंय?

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असा सासूबाईंचा खाक्या. सुनेला लागलंय हो, नशीब आमचं, असं शेजारणींना त्यांनी आपणहून सांगितलं. सुनेचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. तिथवर बातमी पोचली आणि मुकादमाने तिला घरी बसवलं. हे सगळं तिने गिळलं. मग शेजारणी विचारू लागल्या, एवढीशी पोर अशा आईजवळ कशी झोपवता? तेव्हा सासूबाईंनी तीन वर्षांच्या गोटीला आईच्या कुशीतून उचललं आणि आत्याच्या अंथरुणात नेऊन झोपवलं.

नीट वाचलंत ना? निरोगी आईजवळून काढली आणि खोकणाऱ्या आत्याजवळ झोपवली. वर खिडक्या घट्ट लावल्या, कारण आत्याचा खोकला रस्त्यावर ऐकू जाता कामा नये. नणंद एकदा पुटपुटली की तिला माझ्याजवळ नको. सासूबाईंनी डोळे वटारले, विषय संपला. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घरात लहान मूल असेल तर त्याला तपासून बचावाच्या गोळ्या द्यायच्या असतात. सासूबाई म्हणाल्या, नात आजोळी असते. सुनेनेही मान हलवली. ते मान हलवणं तिला अजून जगू देत नाही.

गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले आणि गोटीला ताप भरला. उलट्या झाल्या, मान ताठली, हाक मारली तरी ती डोळे उघडेना. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय. घरात कुणाला आहे? सासूबाईंनी सुनेकडे बोट केलं. इस्पितळाचा निरोप मिळताच वही घेऊन नर्सबाईही धावत आल्या. डॉक्टर म्हणाले, जंतू नेमके कुणाचे आणि कोणत्या औषधाला दबतात, हे कळल्याशिवाय पोरीचं औषध खात्रीने ठरवता येणार नाही. अंदाजाने किती दिवस चालवायचं?

"मला हा रोग कधीच नव्हता," सून म्हणाली. "गोळ्या माझ्या नणंदेच्या आहेत."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पोरीच्या धसक्याने हिचं डोकं फिरलंय, लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि ही माझ्या लेकीवर चिखल उडवतेय, असं त्या डॉक्टरांना समजावू लागल्या. नवऱ्याने तिचा दंड धरला आणि गप्प बस म्हणाला.

"नाही बसणार. गप्प बसले म्हणून माझी पोर इथे पडलीय."

आता कुणाचं खरं मानायचं? नर्सबाईंना एक गोष्ट ठाऊक होती. या गोळ्या घेणाऱ्याची लघवी केशरी होते. त्यांनी दोन बाटल्या मागवल्या. एक सुनेने घेतली. दुसरीसाठी दारात उभी असलेली नणंद कुणी सांगायच्या आत पुढे आली. थोड्या वेळाने दोन्ही बाटल्या टेबलावर होत्या, एक पाण्यासारखी, दुसरी केशरी.

नर्सबाईंनी वहीतलं सुनेचं नाव खोडलं. "तीन महिने मी कागदाला औषध दिलं," त्या म्हणाल्या. "माणूस एकदाही बघितलं नाही." त्यांनी हेच संस्थेला लिहून कळवलं, आणि वर लिहिलं की यापुढे मी घर बघितल्याशिवाय कुणाचं नाव वहीत घालणार नाही, चालत नसेल तर मला काढा.

लग्नाचं काय झालं? तुम्हाला आधी तेच विचारायचं असेल, तर सासूबाई एकट्या नाहीत.

गोटी वाचली. पण उजवा हात लुळा पडला. चमचा धरता येत नाही, आईचं बोटही धरता येत नाही. आता तिच्या औषधासाठी मायलेकी दर मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर बसतात.

परवा तिथे एक चांगल्या घरची बाई आली. खिडकीत वाकून हळूच विचारू लागली, औषध माझ्या मुलीचं आहे हो, पण तिची बघाबघी चाललीय. नाव सुनेचं लिहिलं तर चालेल का? नर्सबाई उत्तर देणार, तोच सून बाकावरून उठली. तिने गोटीला त्या बाईपुढे उभं केलं.

"हिचा हात हातात घ्या," ती म्हणाली.

बाईने घेतला. गोटीची बोटं तिच्या तळहातावर नुसती पडून राहिली.

"आता सांगा, कुणाचं नाव लिहायचं?"